खालच्या काकांचा हॉकी क्लब

डब्लिनला आल्यावर आयुष्यात पहिल्यांदा मला दिवसभर काही काम उरलं नाही, आणि लोकांना ते फार भाग्याचं वाटायचं. "एन्जॉय कर ना यार, असा ब्रेक कुणाला मिळतो?" महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या एका बाईंनी मला ऐकवलं. मग लगेच घड्याळ बघून त्या निघाल्या, कारण दुसऱ्या दिवशी त्यांना ऑफिस होतं.

हे डब्लिन आयर्लंडमधलं नव्हे, ओहायोतलं. कोलंबस शहराला चिकटलेलं, हिरवळींचं आणि मोठमोठ्या ऑफिसांचं. साल २००४. नवरा एका बँकेच्या प्रोजेक्टवर होता आणि मी नागपूरच्या कॉलेजातली गणिताची नोकरी सोडून त्याच्या मागे आले होते. वर्गभर पोरांच्या गोंगाटातून मला उचलून अशा अपार्टमेंटमध्ये आणून ठेवलं होतं, जिथे फ्रिज सुरू झाला तरी दचकायला व्हायचं. माझ्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. गाडी एकच, ती नवरा घेऊन जायचा. एकदा मी हट्टाने दुकानापर्यंत चालत निघाले. रस्त्याला फुटपाथ नव्हता. एका भल्या बाईने गाडी थांबवून काच खाली केली आणि विचारलं, तुम्ही ठीक आहात ना? तिचा हेतू चांगलाच असणार, पण मला तिचा इतका राग आला की रात्री जेवताना मी नवऱ्याला तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

दिवसा फोन वाजलाच तर तो कार्पेट धुऊन देणाऱ्या कंपनीचा असायचा. मी त्यांच्याशीही गप्पा मारायचे. आमचं कार्पेट कसं आहे, किती मळलंय, सगळं सांगायचे. शेवटी तेच कंटाळून फोन ठेवायचे.

ऑक्टोबरात एका सकाळी दार वाजलं. खालच्या मजल्यावरची बाई होती. अंगात नर्सचे कपडे, केस अजून ओले. "तुमच्याकडे इंटरनेट आहे का?" तिने विचारलं. "माझे वडील मला जगू देत नाहीयेत."

तिच्या मागे जिन्यात एक उंच, किंचित वाकलेले म्हातारे गृहस्थ लोकरीची टोपी दोन्ही हातांत धरून उभे होते. ती दोघं युक्रेनची. आई वारल्यावर तिने वडिलांना इकडे आणलं होतं. त्यांच्या गावात आइस हॉकीचा क्लब होता आणि त्याच्या मॅचचा स्कोअर एका वेबसाइटवर येत असे. मॅच तिकडे संध्याकाळी, म्हणजे इकडे ओहायोत सकाळी. तिच्याकडे इंटरनेट नव्हतं, आणि हॉस्पिटलची ड्यूटी बारा तासांची.

"तुम्ही घरीच असता ना?" ती म्हणाली.

मी घरीच असते ही बातमी खालच्या मजल्यापर्यंत पोचली होती तर. मनातून चिडूनच मी दार उघडलं आणि म्हातारबुवांना आत घेतलं. बूट दाराबाहेर काढून, मोजे नीट ओढून घेऊन ते कम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसले. माउसला मात्र हात लावेनात. तो मी चालवायचा, आणि पडद्यावर आलेली ती उलटीसुलटी अक्षरं त्यांनी वाचायची, असा आमचा करार झाला. घरात मी त्यांना खालचे काका म्हणायला लागले.

काकांचं इंग्रजी लायब्ररीतल्या वर्गात शिकलेलं, मोजक्या शब्दांचं. माझी हॉकी गवतावरची. मग एकदा त्यांनी माझ्या डब्यातले राजमा आणि काबुली चणे मागून घेतले आणि डायनिंग टेबलावर दोन संघ उभे केले. बाटलीचं झाकण ही रबराची चकती, बर्फावर चेंडूऐवजी तीच असते. राजमा म्हणजे त्यांचा क्लब. चण्यांचा एक खेळाडू मुद्दाम आडवा आला की काका त्याला उचलून मिठाच्या भांड्यामागे शिक्षेला बसवायचे. हे सगळं ते इतकं मन लावून करायचे की मला वर्गात उभं राहून शिकवल्यासारखं वाटायचं, फक्त बाकावर या वेळी मी होते.

क्लबची गोष्टही अशीच, तुकड्या-तुकड्यांनी कळली. आधी तो गावातल्या कारखान्याच्या कामगारांचा संघ होता. पोरवयात काका त्याचे गोलकीपर होते. समोरचे दोन दात तिथेच गेले. मग सोव्हिएत देश मोडला, कारखाना बंद पडला, रिंकचं, म्हणजे बर्फाच्या मैदानाचं, छप्पर गळायला लागलं, आतला बर्फ वितळून गेला आणि तिथे लोकांनी बटाटे साठवले. बरीच वर्षं गावात हॉकी म्हणजे थंडीत गोठलेल्या तळ्यावर पोरंटोरं खेळायची तेवढीच. पुढे गावातल्याच एका सिमेंटवाल्याने मनावर घेतलं. छप्पर घातलं, बर्फ करायची यंत्रं आणली, बाहेरून खेळाडू आणले आणि त्यांना दरमहा पगार सुरू केला. "पगार!" काका म्हणायचे आणि बोट वर करायचे. आता क्लब देशाच्या खालच्या गटात पहिल्या काही संघांत होता. गट जिंकला की वरच्या गटात, राजधानीच्या संघांबरोबर.

त्या वर्षी अमेरिकेतली मोठी हॉकी खेळाडू आणि मालकांच्या भांडणात अख्खा हंगाम बंद होती. कोलंबसचं भलंमोठं स्टेडियम अंधारात उभं होतं. त्याच्यासमोरून आमची गाडी गेली की काका मागच्या सीटवरून त्याच्याकडे बघून खूश व्हायचे. "इथे बंद," ते म्हणायचे, "माझ्या गावात चालू." नोव्हेंबरात टीव्हीवर त्यांच्या राजधानीतली माणसं निवडणुकीत घोटाळा झाला म्हणून नारिंगी पट्टे बांधून बर्फात रात्रंदिवस उभी दिसायला लागली. मी विचारलं तर काकांनी थोडा वेळ बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, आज मॅच आहे, ती साइट लाव.

मॅचच्या दिवशी मी पोहे करायचे. ते मिरच्या वेचून बशीच्या कडेला ओळीने लावायचे. एकदा त्यांनी मोठ्या मानाने कागदात गुंडाळून एक पांढरी वडी आणली. मला वाटलं खोबऱ्याची. ती डुकराची चरबी आहे हे तोंडाशी नेताना कळलं आणि मी किंचाळलेच. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या घरात मी आल्यापासून एवढ्या मोठ्याने कुणी हसलं नव्हतं.

आमच्या घरच्या क्रिकेटची गोष्ट मी त्यांना तेव्हाच सांगितली. मॅच रंगात आली की आमच्या घरी कुणी जागचं हलायचं नाही. ज्याने जिथे मांडी घातली तिथेच बसायचं, पाय बधिर झाले तरी. आणि आई खोलीत आली की विकेट जाते असा बाबांचा ठाम समज होता. त्यामुळे आईने वर्षानुवर्षं मॅच स्वयंपाकघरातून ऐकली. ओरडा झाला की ती आतून विचारायची, "आपला की त्यांचा?" काकांना ते लगेच पटलं. त्यांच्याकडेही असंच असतं म्हणे. तेव्हापासून त्यांची खुर्ची ठरली, माझं सोफ्याचं डावं टोक ठरलं. एकदा मी उजवीकडे बसले आणि राजमा हरला, तर त्यांनी मला दोन दिवस जिन्यातही तोंड दाखवलं नाही.

नवरा संध्याकाळी चिडवायचा. "मग, काय म्हणतोय तुझा क्लब?" पण तो ऐकून घ्यायच्या आधीच लॅपटॉप उघडायचा.

त्यांचा नाताळ जानेवारीत असतो, त्या दिवशी त्यांनी आम्हाला खाली जेवायला बोलावलं. आमच्यासाठी वेगळ्या बटाट्याच्या करंज्या उकडल्या होत्या. क्लब तेव्हा पहिल्या नंबरावर होता. काका मुलीशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले, तिचा चेहरा उतरला आणि मग आम्हाला कळावं म्हणून ती इंग्रजीत म्हणाली, "त्यांना परत जायचंय. हे रोजचंच आहे. तिकडे चौथ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही, यांचं हृदय असलं, आणि बघायला कुणी नाही. म्हणतात, गाव आता जिवंत झालंय." ती थकून हसली. "ठीक आहे. तुमचा क्लब वरच्या गटात गेला तर तिकीट मी स्वतः काढून देईन. नाही गेला तर हा विषय कायमचा बंद. मग इथेच राहायचं, माझ्याजवळ."

काकांनी हात पुढे केला. तिने तो हातात घेतला. दोघं तसेच माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्याकडे पैज लागली की तिसऱ्या माणसाने हाताच्या कडेने वरून मारून ते दोन हात सोडवायचे असतात, त्याशिवाय पैज पक्की होत नाही. मला हे ठाऊक नव्हतं. काकांनी खूण केली, मी हसत हसत त्या दोन हातांवर सपकन हात मारला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जिना चढताना नवऱ्याने विचारलं, "कशावर पैज लागली कळलं का तुला?" आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

त्यानंतर क्लब जिंकतच सुटला. मी दर मॅचला साइट लावायचे, काका वाचायचे, टेबलावर मूठ आपटायचे. आता क्लब हरावा असं मला वाटत होतं. हातचं राखून सांगत नाही, मनापासून वाटत होतं. बाहेर बर्फाचे ढीग, पार्किंगमध्ये एक माणूस नाही, आणि आठवड्यातून दोन सकाळी माझ्या घरात एक माणूस यायचा, बूट काढायचा, चहा मागायचा. तो गेला की उरणार होते कार्पेटवाले.

मार्चमध्ये शेवटची मॅच आली. जिंकले तर वर, नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. त्या सकाळी साइट उघडेचना. सगळं गाव तिच्यावर तुटून पडलं असणार. काकांचा एक जुना दोस्त रिंकमध्ये होता. मी परदेशी स्वस्तात फोन करायचं, आपल्या देशी दुकानातलं कॉलिंग कार्ड काढलं, लांबलचक नंबर दाबला आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला. तिकडे दोस्ताने मोबाइल हातात धरून उंच केला. माझ्या ओहायोतल्या घरात त्या गावाचा गलका भरून गेला. ढोल, शिट्ट्या, हजारभर माणसांचं एका सुरात ओरडणं.

सुरुवात वाईट झाली. दोन गोल अंगावर. काकांचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात गॅसवर दूध उतू गेलं म्हणून मी धावले, आणि हॉलमध्ये फोनमधून आरोळी उठली. एक गोल फिटला होता. मी फडकं घेऊनच परत आले, सोफ्याच्या डाव्या टोकाला बसले, आणि चण्यांनी तिसरा मारला. थोड्या वेळाने मी तळघरातल्या ड्रायरमधून कपडे आणायला गेले. बादली घेऊन वर आले तर काका उभे होते. आणखी दोन गोल फिटून बरोबरी झाली होती.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. दोघांच्याही मनात एकच आलं.

ते माझ्याजवळ आले, बादली माझ्या हातातून घेऊन खाली ठेवली आणि माझे दोन्ही हात धरले. थट्टेत नाही. "मुली," ते म्हणाले, "तू बाहेर. प्लीज."

मी नवऱ्याचं जाकीट अंगावर चढवलं आणि बाहेर जिन्यात जाऊन पायरीवर बसले. दार नुसतं लोटून घेतलं. पार्किंगमधले बर्फाचे ढीग काळे पडले होते आणि त्यांच्यातून पाणी झिरपत होतं. पोस्टाची गाडी आली, डबे भरून गेली. दारामागून गलका ऐकू येत होता, पण त्यात काय चाललंय ते कळत नव्हतं.

नागपूरला मी पोरांना प्रॉबॅबिलिटी शिकवायचे. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नसतो तेव्हा काय लिहायचं, ते मी फळ्यावर असंख्य वेळा लिहिलं होतं. आणि त्या पायरीवर बसून मला पक्कं ठाऊक होतं की मी आत पाऊल टाकलं तर काकांचा क्लब हरणार. आत जाऊन सोफ्यावर बसायचं, बस्स. थंडी वाजली म्हणून आले म्हटलं असतं तर त्यांना रागावताही आलं नसतं. पैज ते हरले असते, विषय कायमचा बंद झाला असता, आणि पुढच्या ऑक्टोबरात त्यांनी पुन्हा दाराबाहेर बूट काढले असते. मी उठले. दाराच्या मुठीवर हात ठेवला. धातू एवढा गार होता की बोटं चिकटतील असं वाटलं.

आत फोनमधला गलका एकदम शांत झाला, आणि काकांचा आवाज ऐकू आला. ते त्यांच्या भाषेत भराभर, हळूहळू, पुन्हा भराभर बोलत होते. मित्राशी की देवाशी की गोलकीपरशी, मला समजायला मार्ग नव्हता. माझ्याशी ते कधी असे बोलले नव्हते. त्यांच्याकडे माझ्यासाठी तेवढे शब्दच नव्हते. मी हात काढला आणि परत पायरीवर जाऊन बसले.

मग फोनमध्ये काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला आणि काका मोज्यांनीच बाहेर धावत आले. रडत होते. माझं डोकं दोन्ही हातांत धरून त्यांनी कपाळावर, केसांवर, पुन्हा कपाळावर मुके घेतले. मीही रडले. त्यांना वाटलं आनंदाने.

मुलीने शब्द पाळला. काही दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही, मग तिकीट काढलं. एप्रिलमध्ये आम्हीच त्यांना विमानतळावर सोडायला गेलो, कारण तिला ड्यूटी बदलून मिळाली नाही. निदान तिने तसं सांगितलं. काकांनी गाडीतून उतरताना टोपी घातली, नवऱ्याशी हात मिळवला, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि बॅग ओढत आत गेले. काचेच्या दारापलीकडे ते ताठ चालत होते. ते इतके उंच आहेत हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

उन्हाळा मी कसा काढला ते मला नीट आठवत नाही. ड्रायव्हिंग शिकले, दोनदा नापास झाले. आईचा फोन आला की सगळं मस्त चाललंय म्हणायचे. खालून कधी दार लावल्याचा, कधी नळाचा आवाज यायचा. जिन्यात गाठ पडली तर मुलगी मान हलवून निघून जायची, मीही अडवायची नाही. हॉकीचा नवा हंगाम सुरू झाला असेल म्हणून एका सकाळी मी ती साइट उघडली. पान नवं केलं होतं, वर खेळाडूंचे चकचकीत फोटो होते. अक्षरं मला वाचता येत नव्हती. आकड्यांवरून ते हरले होते एवढं कळलं.

त्याच आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी, मुलगी वर आली. काही हवं होतं असं नाही. मी चहा टाकला. ती काकांच्या खुर्चीत बसली, आणि कप हातात आल्यावर म्हणाली, "त्यांचा काल फोन आला होता. तिथे सगळ्यांना सांगत असतात, म्हणे. एक हिंदू बाई थंडीत बाहेर बसली म्हणून आमचा क्लब वर आला."

मी हसले. ती हसली नाही.

"दाराला कुलूप होतं का?" तिने विचारलं.

"नाही. नुसतं लोटलं होतं."

"आणि पैज काय आहे ते तुला माहीत होतं."

"हो."

"ते गेले तर मी एकटी पडेन, हे माहीत होतं. तू पण एकटी पडशील, हे माहीत होतं." तिने कप खाली ठेवला. रोज माणसांचं रक्त काढणारी, सुया टोचणारी, शिकलेली बाई, आणि ती मला हे विचारत होती. "मग आत का नाही गेलीस?"

असल्या गोष्टींनी कुठे मॅच हरते का, असं मी म्हणू शकले असते. ते बोलायची आम्हा दोघींनाही लाज वाटली असती. "त्यांनी मागितलं होतं माझ्याकडे," मी म्हटलं. "या देशात आल्यापासून माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं."

खालच्या तिच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये फोन वाजत होता. ती उठली नाही.

"मी मागितलं असतं तर?" ती म्हणाली. "आत जा म्हणून?"

"गेले असते," मी म्हटलं, आणि तेही खरंच होतं.